कापसाच्या गाडीएवढी वाट

या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सकाळी दहाचा सुमार. जागा: विलासच्या घरचा ओटा.

हजर: विलास, त्याची बायको मंगल, त्यांची मुलगी, चोपड्याहून आलेल्या अक्का म्हणजे नानांची धाकटी बहीण, आणि गल्लीतले दोन म्हातारे. गैरहजर: आमचं घर. आमच्यातर्फे मी एकटी गेले होते, तीही गावाला वळसा घालून. विलासचं घर आमच्या घराच्या अगदी मागे आहे. मधला बोळ सरळ त्याच्या दारात जातो. पण बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाला आमचं लोखंडी गेट आहे आणि आतल्या तोंडाला विलासने पऱ्हाट्या रचल्या आहेत. कापसाच्या वाळक्या काड्यांचा तो ढीग आता माणसाच्या छातीइतका झाला आहे.

घागर नानांची होती. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी आली की आमच्याकडे त्याच्या नावाने नवी घागर भरतात. घागरीवर लहान मातीचं भांडं, त्यावर खरबूज, बाजूला सांजोऱ्या आणि आंबे. मग निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास आणि तूप टाकायचं. सगळं रीतसर झालं. मी सवयीने एकेक वस्तू बघून घेतली. काही कमी नव्हतं. फक्त घागरीची जागा चुकली होती आणि ते ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या घराण्यात घागर ओट्यावर भरत नाहीत. बोळात भरतात.

ही रीत नानांनीच घातलेली. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, विलासचे वडील. माझे सासरे आबा थोरले, नाना धाकटे. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा आबांना पुढचं घर आलं, नानांना मागचं. बायकांनी विचारलं, आता आखाजीला घागरी दोन दारांत का? नाना म्हणाले, "पितरस्ले वाटनी माहीत नही. त्या कोना दारमा जातीन?" म्हणून दोन्ही घरांच्या घागरी बोळाच्या मधोमध, शेजारी शेजारी. ज्याला यायचं त्याने यावं, आणि दोन्हीकडचं खावं.

तो बोळ किती रुंद ठेवायचा हेही दोघा भावांनीच ठरवलं होतं. फीत आणली नाही की पंच बोलावले नाहीत. बैलगाडीत कापूस भरला. नेहमी भरतात तसाच, बारदानाच्या झोळीत दाबून, दोन्ही अंगांनी पोट सुटेपर्यंत. ती गाडी रस्त्यापासून नानांच्या दारापर्यंत चालवली. आबा पुढे बैलांशी, नाना मागे. कापसाचं पोट जिथपर्यंत आलं तिथे नानांनी दोन्ही बाजूंना काळे दगड पुरले. वाटेची रुंदी म्हणजे भरल्या कापसाच्या गाडीची रुंदी. मी लग्न होऊन धुळ्याहून या घरात आले तेव्हा आबांनी मला घर दाखवताना ते दगडही दाखवले होते. "याच्या आत काही ठेवायचं नाही. घमेलंसुद्धा."

दोन गाड्या त्या वाटेत एका वेळी मावायच्या नाहीत. म्हणून जो आत शिरेल त्याने तोंडाशी थांबून हाक द्यायची, "मोकयं शे का?" आतून "येऊ दे!" आलं की मगच बैल पुढे. मोकळं आहे का, एवढंच विचारणं. पुढे बैल गेले, गाड्या गेल्या, आबांनी तर चालणंही कमी केलं. नानांची हाक मात्र राहिली. हातात फक्त मेथीची जुडी असली तरी ते बोळाच्या तोंडाशी थांबायचे. समोर टोकापर्यंत रिकामा बोळ दिसत असायचा. तरी, "मोकयं शे का?"

आमच्या स्वयंपाकघराचं दार त्या बोळात उघडतं, त्यामुळे उत्तर देण्याचं काम माझ्याकडे आलं. भाकरी थापता थापता मी म्हणायची, "या नाना." मग सायकलचा आवाज, मग नाना. सायकलवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ते ती चालवत नसत, सोबत नेत असत. उंच, वाळके, डोक्यावर टोपी, आणि मान नेहमी खाली, कारण नजर वाटेवर. खिळा, काच, तारेचा तुकडा, बाभळीचा काटा, काही दिसलं की वाकून उचलायचं आणि सायकलच्या हँडलला टांगलेल्या डब्यात टाकायचं. डबा वाजायला लागला की समजायचं, नाना आले.

एकदा मी म्हटलं, "नाना, तुमच्या सायकलचा टायर तर झिजून अर्धा ट्यूबच झालाय. एवढे खिळे कुणासाठी वेचता?"

"चाक कोनं बी ऱ्हावो माय," ते म्हणाले, "खिया सारखाच टोचस."

मी तेव्हा हसले. मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा आहे.

आमच्या मुलीच्या लग्नात मांडव बोळात घातला. जागा तीच सोयीची होती. लग्नाची सगळी कामं मी वाटून दिली होती: आचारी कुणी बघायचा, पाहुण्यांच्या खोल्या कुणी, हार कुणी. मागच्या घराला चार दिवस वाट राहणार नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. नानांना विचारायला कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात हाक आली, "मोकयं शे का?" पाहते तर नाना, सायकल खांद्यावर. मांडवाच्या खांबांमधून वाट नव्हती, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातून, बैठकीतून, पुढच्या दाराने ते रस्त्यावर निघाले. वरपक्षाच्या बायका पाटावर बसून चहा पीत होत्या. त्यांच्या डोक्यांवरून सायकलचं चाक गेलं. एक जण घाबरून म्हणाली, "हे कोण?"

नाना थांबले, सायकल तशीच खांद्यावर. "पोरीना आजा," ते म्हणाले. "आमनी सायकल बी वऱ्हाडमा शे. तिले बी च्या सांगा."

सगळ्या हसल्या. मुलीला निरोप द्यायच्या दिवशी नाना बोळाच्या तोंडाशी उभे राहून पाहुण्यांच्या गाड्यांना वाट करून देत होते. प्रत्येक गाडीला थांबवायचे, रस्ता मोकळा आहे का बघायचे, मग हात हलवायचे. ते काम त्यांना मी दिलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनी घेतलं.

आबा गेले त्यानंतर काही वर्षांनी आमच्या घरी मोठी चारचाकी आली. माझे यजमान सुधाकर चोपड्याला नोकरीला, गाडीची गरज होतीच. ठेवायची कुठे? बोळात. एका बाजूला लावली तर माणूस, सायकल, मोटरसायकल सहज जाई. पण विलासने तेव्हाच मालाची छोटी गाडी घेतली होती. केळीचे घड, कापसाची गाठोडी, सिमेंट, जे भाडं मिळेल ते. ती जायची नाही. रोज सकाळी विलास हॉर्न वाजवी. सुधाकर अंघोळीला असले तर पंधरा मिनिटं, पूजेला असले तर अर्धा तास.

नाना एकदा आमच्या गाडीभोवती फिरले. बॉनेटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा. "सुधा, हाई चालस बी, का नुसती बठस?"

"चालते नाना. रोज चोपड्याला जाते."

"मग ठीक शे. माले वाटनं, आजारी शे."

सुधाकर हसले नाहीत. नानांच्या बोलण्याचा त्यांना राग येत नसे, पण ऐकूही येत नसे.

मग एका संध्याकाळी विलासच्या गाडीने आमच्या गाडीचा आरसा तोडला. विलास म्हणे वाट माझी आहे, सुधाकर म्हणे गाडी माझी आहे. आवाज चढले. गल्ली जमली. त्या सगळ्या वेळात नाना जमिनीवर उकिडवे बसून आरशाच्या काचा वेचत होते. डब्यात एकेक तुकडा टाकल्याचा आवाज भांडणाच्या मधून येत होता. कुणीतरी म्हणालं, "नाना, तुम्ही सांगा ना, वाट कोनी शे?"

नाना मान वर न करता म्हणाले, "आते तं काचस्नी शे. पाय संभाळा."

त्या रात्री सुधाकरांनी कपाटातून नमुना आठचा उतारा काढला. गावातल्या घरांची मोजणी झाली तेव्हाचा. त्यात बोळ आमच्या जागेत धरलेला आहे. मागच्या घराच्या हक्काची एक ओळही नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. मोजणी झाली तेव्हा फितीचं एक टोक नानांनीच धरलं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मोजणाऱ्याने विचारलं, मधली वाट कुणाच्या नावावर? नाना म्हणाले, "लिखी ले दादाना नाववर. आम्ही दोन येगळा शेतस का?" दोन भावांच्या घरी असं लिहिणं चूक आहे, हे त्यांना शिवलंही नाही. ज्याच्या पुढे आपण बसत नाही त्या थोरल्या भावाच्या नावावर वाट टाकणं म्हणजे ती देवळात ठेवल्यासारखंच.

दिवाळीच्या आधी गेट बसलं. घराच्या डागडुजीच्या कामांत ते एक काम होतं. रंग, टाकीची गळती, गेट. सुधाकरांनी विलासला सांगितलं, "वाट बंद नाही केली. ढोरं शिरतात, चोऱ्या होतात, म्हणून गेट. तुम्हाला चावी देतो." बोलणं वाजवी होतं. आमच्या घरातलं सगळंच बोलणं वाजवी असतं. वेल्डरने खांब रोवायला डावीकडचा काळा दगड उपटला आणि रस्त्याच्या कडेला टाकला.

दुपारी धापा टाकत नाना आमच्या पुढच्या दाराशी आले. तो दगड त्यांनी लोटत, टेकत, पुन्हा लोटत आणला होता. आमच्या पायरीजवळ ठेवला, टोपीने मान पुसली. म्हणाले, "हाऊ तुमना पाहुना. बाहेर नका ठेवा." मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते गेले. गेटबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

विलासने तालुक्याला अर्ज करायचं ठरवलं. वकिलाने सांगितलं, कागद नाही, पण म्हातारा साक्ष देत असेल तर जमेल. वाट वापरात आहे हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. विलास नानांच्या मागे लागला. शेवटी आमच्याच ओट्यावर, सुधाकरांच्या देखत, नानांनी त्याला उत्तर दिलं.

"मीच लिखी दिधं व्हतं. आते कोनावर बोट दखाडू? दादावर?"

"दादा म्हणजे आबा तर गेले, नाना!" विलास ओरडला. "समोर सुधादादा आहे."

"दादाना पोऱ्या शे," नाना म्हणाले. "त्याले मी खांदावर बसाडीसन हाई वाट दखाडेल शे. तो इसरना व्हई. माले सांगता येत नही."

सुधाकर तिथेच बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आत गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आजही त्या क्षणाचं आम्ही बोलत नाही.

विलासने अर्ज केला नाही. त्याने मागच्या शेजाऱ्याला आपल्या गोठ्याची पट्टी दिली आणि बदल्यात त्याच्या शेताच्या बांधावरून स्वतःची वाट काढली. आतल्या तोंडाला पऱ्हाट्या रचल्या. पण कडेला एका माणसापुरती फट ठेवली, कारण नाना बांधावरून जायला तयार नव्हते. ते बोळातूनच जात. आणि बोळाच्या तोंडाला गेट.

चावी त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली होती. ती वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आतून जाताना असो की बाहेरून येताना, गेटपाशी उभं राहायचं आणि, "मोकयं शे का?" मी हातातलं काम ठेवून जायची, कुलूप काढायची, म्हणायची, "या नाना." मी शाळेत कामावर गेले असले तर ते उभे राहायचे. ऊन असलं तर खांबाच्या सावलीत. सायकल टेकवून. शेजारीण मला सांगायची, नाना आज बराच वेळ उभे होते.

एक दिवस सुधाकरांनीच गेट उघडलं. थोडे वैतागून म्हणाले, "नाना, चावी आहे ना तुमच्याकडे? मग हाका कशाला मारता? लोक बघतात."

"चावी शे ना भो," नाना म्हणाले. कंबरेवर हात ठेवून दाखवली. "पन चावी 'येऊ दे' म्हनस का?"

नाना सायकल घेऊन आत गेले, वाकून गेटच्या रुळातला एक खिळा उचलला, डब्यात टाकला. त्या रुळात आमच्या गाडीचंच चाक गेलं असतं.

थंडीत नाना गेले. आजारी असे नव्हतेच. संध्याकाळी जेवले, सकाळी उठले नाहीत. मंगलचं रडणं पऱ्हाट्यांच्या पलीकडून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. मग मला जे येतं ते मी केलं. नातेवाइकांना फोन. अक्कांना आणायला गाडी. चहासाठी दूध. आणि सुधाकरांनी न सांगता गेटचं कुलूप काढून गेट सबंध सरकवलं. आपली गाडी रस्त्यावर नेऊन लावली. मी बोळ झाडला, पाणी शिंपडलं. फटीशेजारच्या पऱ्हाट्या बाजूला करायला आम्ही दोघंही गेलो, पण पलीकडून कुणाचा हात आला नाही, म्हणून थांबलो. मग बोळाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. आम्ही, गल्लीतली माणसं, माझ्या शाळेतल्या बाया. सगळ्यांना वाटत होतं, तिरडी इथूनच निघणार. नाना दुसरीकडून कसे जातील?

पलीकडून विलासचा आवाज आला. अक्का त्याला काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक बोळातून ने असंच. तो मोठ्याने म्हणाला, आम्हाला ऐकू यावं म्हणून की त्याला राहवलं नाही म्हणून, मला माहीत नाही: "मना बाप रोज इचारी इचारी गया त्या बोयमाईन. आज कोनले इचारनं नही."

मी गच्चीवर गेले. तिथून मागची शेतं दिसतात. बांधावरून माणसांची रांग चालली होती, वाट अरुंद म्हणून एकामागे एक, आणि चौघांच्या खांद्यावर नाना. वळणावर खांदेकरी जरा थांबले, खांदा बदलला, पुढे गेले. कुठेही हाक नाही. नाना कुणालाही न विचारता जाताना मी तेवढं एकदाच पाहिलं. खाली झाडलेल्या, शिंपडलेल्या बोळात सुधाकर उभे होते. उघड्या गेटशेजारी, चपला काढून, हात जोडून. समोरून कुणीही जात नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी गाडी पुन्हा बोळात लावली. दुसरी जागा नव्हती. गेटही मग आपोआप सरकवून लावलं गेलं.

आखाजीच्या दिवशी विलासच्या ओट्यावर मी हे सगळं बोलले नाही. जेवण झाल्यावर निघताना मंगल माझ्यामागे अंगणात आली. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने माझ्या हातात चावी ठेवली. करगोट्याचा काळा दोरा अजून चावीला होता.

"ताई, हाई तुमनी. नानास्ले आंघोय घालताना काढी ठेवी. तुमले देवानं ऱ्हाई गयं व्हतं."

मी म्हटलं, "विलास भाऊजींना राग आहे, माहीत आहे मला."

"त्यास्ना राग जाऊ द्या." ती ओट्यावरच्या घागरीकडे बघत होती. "नाना कोठून येतीन, हाई इचार करी ऱ्हायनू मी सकायपासून. बांधवरनी वाट त्यास्ले माहीत नही. त्या बोयमाच येतीन. आनि गेट बंद शे."

"मी काढायला लावते गेट," मी म्हणाले.

"तुमनं गेट निंघू द्या. पऱ्हाट्या मी एकली उचलसू. ह्यास्ले इचारसू बी नही." मग थोडं हसली. "पन पानी पडाना आधी काढा. बांध काया मातीना शे. पावसामा गाडी तं सोडा, मानूस बी चालत नही. कापूस घरमा कसा आनसूत?"

घरी येऊन मी चावी सुधाकरांच्या समोर टेबलावर ठेवली आणि मंगल जे बोलली ते सांगितलं. त्यांनी दोरा बोटाने सरळ केला. मग म्हणाले, "आता काढून कुणासाठी काढायचं? विलास येणार आहे का या बोळातून?"

"आधी कोण येतं ते काढल्याशिवाय कसं कळणार?"

ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'नाही' म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वेल्डरला बोलावलं. गेट उतरवणं एका तासाचं काम आहे, तो म्हणाला. खांबाचं काँक्रीट फोडायला थोडा जास्त वेळ. गाडीसाठी पुढच्या अंगणातला पारिजात काढला तर जागा होते, हेही त्याने पाहून सांगितलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बाई, साहेबांना एकदा विचारून घ्या." साहेब चोपड्याला होते. फोनवर म्हणाले, लग्नसराई संपू दे. ती संपली. मग म्हणाले, मृगाच्या आधी करू.

गेट काढलं की डाव्या खांबाच्या खड्ड्यात तो काळा दगड परत बसवायचा आहे. तो अजून आमच्या पायरीशीच आहे, नानांनी ठेवला तिथे. मी परवा एकटीने उचलून पाहिला, हलला नाही. सोयीचा उंच आहे म्हणून येणारे-जाणारे त्यावर चपलांचा चिखल पुसतात. दर वेळी मी ओल्या फडक्याने तो धुते. बसवायचा राहिला आहे.